चार अंथरुणांचा होल्डॉल

बकलाची पितळी जीभ पट्ट्याच्या तिसऱ्या भोकात टच्च बसली आणि तिथेच राहिली, ना सैल ना आवळलेली. पितळ सकाळचं गार होतं. रत्नाकरने जिभेच्या कडेवरून अंगठा फिरवला. डावीकडे केसाएवढा काटा लागत होता, डोळ्यांना न दिसणारा पण अंगठ्याला कळणारा. तो त्याने बारीक कानशीने दोनदा घासला, फुंकर मारली, पुन्हा अंगठा फिरवला... आता ठीक. चार अंथरुणं, चार पांघरुणं, अण्णांची एक जास्तीची रजई आणि चार उशा, एवढं नीट गुंडाळलं की होल्डॉल टोकाकडून बरोब्बर तिसऱ्या भोकावर बंद होतो. दुसऱ्यावर आला तर समजावं, कुणीतरी न विचारता काहीतरी कोंबलंय. चौथ्यावर गेला तर काहीतरी राहिलंय. पट्टा खोटं बोलत नाही. जगात इतकी माणसं प्रवासाला निघतात, पट्टा पोचेल तिथे अडकवतात आणि गाडीत चढून दात काढतात, त्यांच्याविषयी त्याला खरोखरच किळस होती.

उद्या, रविवारी, दुपारच्या गाडीने पुरीला निघायचं होतं. कटनीला गाडी बदलायची, बिलासपूरला बदलायची, खडगपूरला बदलायची. दुसऱ्याला तीन बदल म्हणजे डोक्याला ताप. रत्नाकरला त्यातच सगळी मजा. समुद्र काय, असतोच आपल्या जागेवर. पण कटनीला पस्तीस मिनिटांत सामान उतरवून, मोजून, पुढच्या डब्यात चढवणं—त्याला माणूस लागतो! गेले दोन महिने रोज जेवणं झाली की तो टाइमटेबल घेऊन बसे आणि तिघांना समोर बसवून पाठ घेई. कुठल्या स्टेशनावर किती मिनिटं? पाणी कुठे भरायचं? उतरताना आधी कोण? नऊ वर्षांची बेबी पाढ्यासारखं म्हणे. चुकली तर पुन्हा जबलपूरपासून. अण्णा, म्हणजे त्याचे वडील, पंचाहत्तरीचे. तेही चुकले तर पुन्हा जबलपूरपासून. बायको, शरयू, मात्र कधी चुकत नसे, आणि त्यामुळे तिला विचारण्यात त्याला फारशी गोडी वाटत नसे.

फक्त एवढंच होतं, की जाणं होणार नव्हतं.

सोमवारीच फोरमनने बोलावून कागद हातात दिला होता. ईशान्य सरहद्दीवर, नेफात, चिनी फौज उतरत होती, दारूगोळ्याच्या फॅक्टरीत बारा-बारा तासांच्या पाळ्या लागल्या होत्या, आणि तपासणी खात्यातल्या माणसाची रजा पुढचा हुकूम येईपर्यंत बंद. कागद कोटाच्या आतल्या खिशात होता. आज शनिवार. सहा दिवस तो छातीवर घेऊन तो हिंडत होता आणि घरी कुणाला काही म्हणाला नव्हता. एवढंच नाही—मंगळवारी तो सायकलवर स्टेशनला गेला आणि रांगेत उभा राहून पुरीची साडेतीन तिकिटं काढून आला. का काढली? विचारलं असतं कुणी तर त्याला सांगता आलं नसतं. खिडकीवरच्या बाबूने जाड पुठ्ठ्याची तिकिटं एकेक करून यंत्रात दाबली, खट्, खट्, खट्... तो आवाज त्याला हवा होता एवढं खरं.

"चहा गार होऊन राहिला तुमचा," शरयू दारात उभी होती. "आणि तो बिस्तरा काहून सोडून राहिले आता? रात्री तर बांधला."

"रात्रीची तालीम होती. आता उन्हात टाक सगळं. संध्याकाळी आलो की मी भरीन. तू हात लावू नकोस."

"अच्छा," ती म्हणाली. ती हल्ली फार अच्छा म्हणते. तिच्या माहेरी, दीक्षितपुऱ्यात, सगळेच म्हणतात. तीन पिढ्या झाल्या जबलपुरात, अर्धी जीभ हिंदीची. पण हल्लीचं अच्छा वेगळं होतं, छोटं, दार लोटून घेतल्यासारखं. प्रवासाची धास्ती असेल. काल रात्री तालमीच्या वेळी तिने त्याचा मफलर घेतला, दोनदा घडी घातली, हाताने दाबला, आणि त्याच्या उशीवर किती तरी वेळ हात ठेवून बसली. रत्नाकरला तेव्हा बरं वाटलं होतं. बाईमाणसाला शेवटी कळतं, कोण आपल्यासाठी राबतंय ते.

भिंतीपलीकडून अंजनी दीदींनी मान वर केली. क्वार्टरच्या पलीकडच्या अंगणात त्या जवानांसाठी स्वेटर विणत बसायच्या. "भाईसाहब, सबकी छुट्टी कैंसिल हो रही है, आपकी बच गई?"

"हमारा सेक्शन अलग है, दीदी," रत्नाकर म्हणाला. किती सहज निघालं. शरयू उशा उन्हात मांडत होती. तिने वर पाहिलं नाही.

अण्णा अंगणात येरझारा घालत होते. भिंतीपासून तुळशीपर्यंत अठरा पावलं, परत अठरा. तीन ठिकाणी गाडी बदलायची तर पाय चालते हवेत, म्हणून महिनाभर गुडघ्यांना तेल चोळून हा उद्योग. घराणं मूळचं गुहागरकडचं, कुळाचार अजून तिकडच्या देवीचा, आणि या माणसाने उभ्या आयुष्यात नर्मदेपलीकडे पाणी पाहिलं नव्हतं. "रत्नाकर," ते थांबून म्हणाले, "समुद्राचं पाणी पायाला गरम लागते का रे? पुरीला जाऊन आलेले सखारामपंत सांगत होते."

"लागलं की सांगा मला," रत्नाकर म्हणाला, आणि पोटात एक बारीक, गोड कळ उठली. दात दुखत असताना त्याच दाताने सुपारी फोडावी, तशी काहीशी.

सायकल रांझीच्या उतारावर लागली तेव्हा त्याने स्वतःशी हिशेब मांडला, रोज मांडायचा तोच. मी काय वाईट केलं? सोमवारीच सांगितलं असतं तर सोमवारीच घरावर सुतक आलं असतं. मी त्यांना सहा दिवस दिले. चकल्या झाल्या, चिवडा झाला, बेबीने शाळेत सगळ्यांना शिंपले आणायचं कबूल केलं, अण्णांचे पाय हलते झाले. गेले असते पुरीला तर याहून जास्त काय मिळणार होतं? वाळू चपलेत जाते. पोट बिघडतं. प्रवासातलं सुख म्हणजे तयारीचं सुख, आणि ते मी एका पैचंही कमी होऊ दिलं नाही... पण हे असं चाललं की आत कुठेतरी कुणीतरी हळूच हसायचं. तुला त्यांचे चेहरे पाहायचेत, ते म्हणायचं. वाट पाहतोयस तू. ज्या क्षणी सांगशील त्या क्षणाची. तोच तुझा समुद्र.

फॅक्टरीत बाकावर बसलं की मात्र सगळं शांत होई. तोफगोळ्यांच्या फ्यूजची पितळी टोपणं ट्रेमधून यायची, ओळीने, आंघोळ घातलेल्या पोरांसारखी चकचकीत. तो एकेक उचलायचा, मापाचा गेज लावायचा, मग कडेवरून अंगठा फिरवायचा. नियमात अंगठा नव्हता. पण गेजला जे कळत नाही ते अंगठ्याला कळतं, हे खात्यात सगळ्यांना ठाऊक होतं. चांगलं उजवीकडे. वाईटावर लाल रंगाचा ठिपका आणि डावीकडच्या खोक्यात. लाल ठिपका द्यायच्या आधी तो क्षणभर थांबायचा—नेहमी—टोपण बोटांत धरून. बाहेरून इतकं छान दिसतंय, आणि याला अजून माहीत नाही.

"घरी सांगितलंस का रे?" शेजारच्या बाकावरून दिवाकरने विचारलं. दिवाकरला माहीत होतं, कारण त्याचीही रजा गेली होती. तो शहरातल्या गोरखपूर मोहल्ल्यात राहायचा, इकडे रत्नाकरच्या रांझीत त्याचं जाणंयेणं नव्हतं, म्हणून त्याच्याजवळची बातमी सुरक्षित.

"आज सांगतो."

दिवाकर आपल्या ट्रेकडे वळला. दिवसभर त्याने नजरेला नजर दिली नाही. बायकोने झापलं असेल, दुसरं काय.

जेवणाच्या सुट्टीत डबा उघडला आणि पुऱ्यांच्या वासाबरोबर पिपरिया आलं. आपण बोलावलं नसताना ते हल्ली येतं... दोन वर्षांपूर्वीची पचमढीची सहल. परतीच्या वाटेवर पिपरिया स्टेशनाची वेटिंग रूम, हिरवा बाक, आणि बाकावर बेबीची बाहुली, कापडी, पाय समोर ताठ करून बसवलेली. बेबीनेच बसवली होती, गाडी दिसावी म्हणून. गाडी आली. सामान मोजलं, अकरा नग. निघताना त्याने मागे वळून पाहिलं होतं. बाहुली बाकावर होती. त्याने पाहिलं, पुरतं पाहिलं, आणि तो काही बोलला नाही. बघू, हिला आठवतं का. डब्यात बसल्यावर त्याने घड्याळ पाहिलं. गाडी सुटायला अकरा मिनिटं होती. अकरा मिनिटं म्हणजे वेटिंग रूमला चार खेपा. तो बेबीकडे पाहत राहिला. ती खिडकीतून माकडं पाहत होती, हसत होती. दहा. नऊ. सहा मिनिटं राहिली आणि ती एकदम पांढरी पडली, "बाबा, माझी..." आणि तो म्हणाला, "आता नाही. विसरणाऱ्याने आधी विचार करायचा." शरयू उठली. तो म्हणाला, बस. ती बसली. सहा मिनिटं संपूर्ण तशीच उभी राहिली गाडी. वर दोन मिनिटं उशिरा सुटली. बेबी रडली नाही, हे त्याला तेव्हा शिस्तीचं फळ वाटलं होतं. तेव्हापासून तिने त्याच्यासमोर कुठलंही खेळणं बाहेर काढलं नाही, हे मात्र त्याच्या लक्षात आजच, पुरीचा घास तोंडात असताना, आलं. घास कोरडा होता. त्याने पाण्याबरोबर ढकलला आणि बाकावर परत गेला. त्या दुपारी त्याने नेहमीपेक्षा जास्त लाल ठिपके दिले.

पाळी सुटायला सात वाजले. हवेत थंडी उतरली होती, सायकलींचा लोंढा फाटकातून बाहेर पडला आणि चहावाल्याच्या रेडिओभोवती रेंगाळला. रत्नाकर थांबला नाही. वाक्य तयार करायचं होतं. लांबलचक नको. मी फार प्रयत्न केला, वगैरे नको. लढाईचं नाव पुढे केलं तर कुणाला रागावताही येणार नाही, देशापुढे पुरी काय... पण आधी जेवण होऊ द्यायचं. अण्णा ताकभातावर आले की. पोट भरलेलं असलं की माणूस सावध नसतो. त्याने चेहऱ्यांचा क्रमही ठरवला: आधी अण्णा, मग बेबी, शेवटी शरयू. शरयूचा चेहरा शेवटी ठेवायचा, दिवाळीतला लाडू ठेवतात तसा.

घरात तेलाचा, तिखटामिठाच्या पुऱ्यांचा वास भरला होता. पानं मांडलेली होती. बेबी दोन वेण्या घालून, उद्याचा फ्रॉक आजच घालून बसली होती; त्याला पाहून तिने तो झाकायला ओढणीसारखा टॉवेल घेतला. चौघं जेवायला बसले. आमटी, वांग्याची भाजी, पुऱ्यांतल्याच चार. अण्णांनी ताकभात कालवला.

"उद्याचं जाणं रद्द," रत्नाकर म्हणाला. "रजा गेली माझी."

आणि त्याने पाहिलं. अण्णांनी भाताचा घास उचलला, तोंडात घातला, चावला. दात नव्हते, वेळ लागला. त्याने बेबीकडे पाहिलं. बेबी आईकडे पाहत होती. त्याने शरयूकडे पाहिलं, घाईने, क्रम सोडून—ती त्याच्याचकडे पाहत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर काहीही मोडत नव्हतं.

"कधी कळलं?" तिने विचारलं.

"आज. निघता निघता."

"अच्छा," शरयू म्हणाली.

पातेल्यावर झाकण ठेवल्याचा आवाज झाला. अण्णांनी हात पानात झटकला. "सांगून टाक त्याला, सूनबाई. काहून ताणून राहिली आता?"

"गुरुवारी दिवाकर भावजी आले होते," शरयू म्हणाली. आवाज अगदी साधा, दूध नासलं सांगावं तसा. "तुमची छत्री राहिली होती त्यांच्याकडे. मला म्हणाले, वहिनी, सोमवारी रजा गेली तर रत्नाकर फार खट्टू झाला असेल ना. माझं तोंड पाहून चपापले ते. मी म्हटलं, हो, फार."

गुरुवार. म्हणजे काल रात्री, मफलर... उशीवर ठेवलेला तो हात...

"मग बोलली काहून नाहीस?" त्याच्या तोंडून घरातली बोली निघाली, तो रागावला की नेमकं असं व्हायचं.

"तुम्ही सांगता का, ते पाहून राहिलो होतो."

"दोन दिवस वाट पाहिली बा तुझी," अण्णा म्हणाले. त्यांनी ताकाची वाटी तोंडाला लावली, रिकामी करून खाली ठेवली. "आज सकाळीही पाहिली. समुद्राचं विचारलं तुला मी. म्हटलं, आता तरी बोलेल."

"आम्ही जाऊन राहिलो," शरयू म्हणाली. "मी, अण्णा आणि बेबी. धर्मशाळेला मी पत्र टाकलं परवाच, चार नाही, तीन माणसं म्हणून. तुमच्या डब्याचं अंजनी दीदींना सांगितलं आहे."

त्याला हसू आलं, नाही, हसायचं ठरवून त्याने तोंड उघडलं. "तुम्ही? एकटे? तीन बदल आहेत! कटनीला—"

"कटनीला पस्तीस मिनिटं," बेबी म्हणाली. एकदम, पाठ म्हणायला उभं केल्यासारखी. "पूल ओलांडायचा. आधी आई उतरणार, मग सामान, मग अण्णा, शेवटी मी. पाणी कटनीला नाही भरायचं, बिलासपूरला भरायचं. बिलासपूरला दोन तास दहा मिनिटं. वेटिंग रूममध्ये दाराजवळचा बाक घ्यायचा. खडगपूरला फलाट खूप लांब आहे, अण्णांसाठी हातगाडी..."

तो ऐकत होता. अंगठा आपोआप ताटाच्या कडेवरून फिरत होता. एक चूक. एक तरी काटा असेल. नव्हता. त्याचेच शब्द होते, त्याच्याच क्रमाने, त्याचेच थांबे सुद्धा. दोन महिने त्यानेच घासून घासून गुळगुळीत केलेले.

"आणि गाडी चुकली तर?" त्याने मधेच विचारलं.

"तर रडायचं नाही. हमालाला नाही विचारायचं, स्टेशन मास्तरला विचारायचं." ती थांबली. मग पुढे झुकून, आईची नजर चुकवून, तिने विचारलं, "बाबा... तुम्ही नाही ना येणार? नक्की?"

त्या 'नक्की'च्या टोकाला काहीतरी होतं. केसाएवढं. दुसऱ्या कुणाला ऐकू आलं नसतं. ते दुःख नव्हतं. ते दडपलेलं, ताटाखाली लपवलेलं, नव्याकोऱ्या फ्रॉकसारखं टॉवेलाआड धरलेलं होतं, आणि ते सुख होतं.

हात धुवायला तो उठला तेव्हा होल्डॉल दिसला. बाहेरच्या खोलीत, दाराशी, भरून बांधून उभा. मी सांगितलं होतं हात लावू नकोस, हे ओठांवर आलं आणि तिथेच राहिलं, कारण नजर पट्ट्यावर गेली होती. छान बांधला होता. कडा आत, कुठे फुगवटा नाही, चुणी नाही. त्याला स्वतःला याहून चांगला बांधता आला नसता. बकलाची जीभ पाचव्या भोकात होती. पाचवं भोक कोरं होतं, आजवर कधीच न वापरलेलं. त्याच्या कडेला चामड्याचा नवा, फिका रंग उघडा पडला होता.

आतल्या खोलीत पलंगावर त्याचं अंथरूण घातलेलं होतं. त्याची चादर, त्याचं पांघरूण, त्याची उशी. उशीवर मफलर, दोनदा घडी घातलेला.

तो पलंगावर बसला. कोट अजून अंगात होता. आतल्या खिशात तो कागद, आणि कागदात तिकिटं. त्याने वरून चाचपलं. आहेत. त्यांच्याशिवाय कटनीचं पाठांतर काय कामाचं? विचारावं लागेल त्यांना. यावं लागेल इथे, या दारात, हात पुढे करावा लागेल. बाहेर भांडी घासल्याचा आवाज येत होता. द्यावीत की नाही हे त्याने ठरवलं नव्हतं. आधी येऊ देत. नेहमीची ती गोड कळ उठायची त्याने वाट पाहिली. ती उठली नाही. तिच्या जागी काहीतरी गार, बोथट... मी वाईट माणूस आहे का? हा प्रश्न त्याने स्वतःला आयुष्यात पहिल्यांदा विचारला, आणि उत्तर द्यायला घरात कुणी मोकळं नव्हतं.

"आई, तिकिटं बाबांपाशी आहेत," बाहेर बेबीचा आवाज.

"असू दे," शरयू म्हणाली. "झोप तू आता."

"मागायची नाहीत का?"

"बघू, त्यांना आठवतं का."

अण्णा हसले. किती वर्षांनी हसत होते, खोकल्यासारखं, आणि मग बेबी हसली, तोंडावर हात ठेवून असेल, पण हसली, आणि शरयूही. तिघांचं हसू त्याला ओळखीचं नव्हतं. पुरीहून आल्यासारखं वाटलं.

रत्नाकरने मनगट वर केलं आणि घड्याळ पाहिलं. अकरा मिनिटं. अकरा मिनिटं थांबायचं, त्याने ठरवलं, तेवढ्यात कुणी ना कुणी येईलच. तो पलंगावर तसाच बसून राहिला, पाठ ताठ, पाय समोर सरळ, तोंड दाराकडे.

दहा झाली. मग नऊ.